झाकण तुमचं, पाणी माझं

दाजी,

तुमच्या मातीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. चुडावा ते केवढं गाव, आणि स्टेशनापासून तुमच्या दारापर्यंत माणसंच माणसं. हमाल होते, रुळांवर काम करणारे होते, मास्तरसाहेब टोपी हातात घेऊन उभे होते. नदीकाठचे भोई तर तांबडं फुटायच्या आधीच येऊन अंगणात बसले होते. तुमच्या बायकोचा मी एकुलता भाऊ, म्हणून लोकांनी मला पुढे केलं. मी विमानाला, म्हणजे आमच्यात बसवून नेतात त्या तिरडीला, खांदा दिला, तुमच्या कपाळाला विभूती लावली, मूठभर माती लोटली. हे सगळं हात करत होते. मनात एकच चाललं होतं, माझ्या वेळी इतकी येतील का? दुःख नंतर आलं, परतीच्या गाडीत, पूर्णा स्टेशन मागे पडल्यावर. आधी हेवा आला. माझ्याकडे तो नेहमीच आधी येतो.

मी कमी बोलणारा माणूस. तुम्ही म्हणायचात, "बसूच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे आटल्या हिरीतून घागर काढायची." अकरा वर्षं एक गोष्ट माझ्यापाशी आहे. तिच्यापायी तुमचं गंगाखेड सुटलं आणि अक्काचं माहेर सुटलं. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, आणि ठाऊक असून तुम्ही कुणाला सांगितली नाही. याबद्दल मी तुमचे आभार मानावेत असं कुणीही म्हणेल. मला मात्र त्या गप्प राहण्याचाही हेवाच वाटत आला. मी गप्प राहिलो ते भिऊन. तुम्ही गप्प राहिलात ते कशासाठी, हे मला आजही नीट उमगलेलं नाही.

आमच्या घरच्या माशांचं आधी सांगायला हवं, कारण आता ते पाहिलेली माणसं थोडी उरली. मी सात वर्षांचा असताना तापानं हातचा चाललो होतो. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घाटावर उभं राहून गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, शब्द दिला, की पोर उठलं तर उन्हाळ्यात घाटाखालचा डोह आटेल तेव्हा त्यातले मोठे मासे मी माझ्या घरी सांभाळीन, आणि पाणी आलं की परत सोडीन. मी उठलो. तेव्हापासून दर चैत्रात भोई डोहातल्या मरळी ओल्या पोत्यात गुंडाळून आणून द्यायचे, आणि त्या आमच्या दुकानामागच्या दगडी हौदात आषाढापर्यंत राहायच्या. काळ्या, गुळगुळीत, सापासारख्या तोंडाच्या, हातभर लांब. लिंगायताच्या घरी मासे म्हणून बाजार हसायचा. "अप्पा, कवा शिजवायचे?" असं कुणी विचारलं की अप्पा धान्याच्या राशीवरून मान वर न करता म्हणायचे, "तुज्या तेराव्याला."

घरात त्यांना 'बसूचे मासे' म्हणत. माझ्या जिवाच्या बदल्यात आलेले ते. आणि यायचे मात्र तुमच्या बोटाला.

तुम्हाला आणि अक्काला अप्पांनी गंगाखेडला आणून ठेवलं तेव्हा तुमच्या लग्नाला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. मूलबाळ नव्हतं, तिकडे तुमची आई गेली होती, आणि अप्पांना लेकीवाचून करमत नव्हतं. गावानं तुम्हाला लगेच घरजावई म्हणायला सुरुवात केली. मीही म्हणत होतो, तोंडानं नाही, पण ताट वाढताना, दुकानाची किल्ली देताना, माझ्या वागण्यात तो शब्द असायचाच. तुम्ही ते कधी मनाला लागू दिलं नाहीत. दुकान उघडायच्या आधी हौदाच्या कडेला बसून दगडावर बोटाचं पेर तीनदा वाजवायचात, आणि नऊच्या नऊ मरळी खालून वर यायच्या. एकदा तुम्ही अंगणात नाहीत असं बघून मीही तसंच वाजवलं. पाणी हललंसुद्धा नाही.

माशांना आमच्या घरी पिठाच्या गोळ्या आणि चुरमुरे मिळायचे. अप्पांची समजूत अशी, की आमच्या दारी आलेला जीव आमचंच अन्न खातो. मरळी त्या गोळ्यांकडे ढुंकून पाहत नसत. तुम्ही मग परसातल्या ओल्या मातीतून गांडुळं काढून, धोतराच्या सोग्यात लपवून आणून घालायला लागलात. मला ते दिसलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याच दुपारी मी अप्पांच्या कानावर घातलं, "दाजी आपल्या हौदात किडे टाकायलेत." अप्पांनी पान लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकू दे. मासे काय लिंगायत हाईत का रं?" अंगणभर हसू झालं. तुम्हीही हसलात. मी दुकानात जाऊन बसलो.

त्या वर्षी दोन मरळी हौदाबाहेर उडून गेल्या. एक कावळ्यांनी नेली, एक तुळशीपाशी वाळून पडली होती, आणि तिला बघून अप्पांनी दिवसभर अन्न घेतलं नाही. तशा पूर्वीही जायच्या, पण डोहातले मासे आता जुने झाले होते, मोठे झाले होते. एकेका मरळीच्या शेपटात घोड्याच्या लाथेची ताकद. ओली पोती अंथरून काही होईना. अप्पा म्हणाले, "ह्याला पक्कं झाकण पाहिजे. दोघंबी डोकं लावा."

मला वाटलं, देवानंच संधी दिली. मी सुताराकडून सागवानी फळ्यांचं झाकण करून घेतलं. आतून पट्ट्या, वर लोखंडी कडी, उचलायला दोन माणसं. हौदावर बसवलं तेव्हा धप्प आवाज झाला आणि मी सगळ्यांकडे पाहिलं. तुम्ही झाकणाभोवती एक फेरी मारलीत, कडेच्या फटीत मूठ घालून पाहिलीत, आणि म्हणालात, "सामान लय चांगलं हाय, बसू. पन अंधार झाला आत. अंधारात ती घाबरून उडती, आन फळीवर डोकं फोडून घेती." मी म्हणालो, फुटेल एखादीचं, बाहेर तर पडणार नाही. चौथ्या दिवशी खरंच दोघींची नाकं फुटलेली निघाली. तुम्ही 'मी म्हणलं नव्हतं का' असं काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मला भांडता आलं असतं.

मग तुमचं झाकण. तुम्ही आठ दिवस बुरूडआळीत जाऊन बसलात. बांबूच्या कामट्या इतक्या जवळ विणून घेतल्यात की भोक मरळीच्या डोक्याहून बारीक. बाभळीची चौकट, तिचे दोन भाग, एक उघडला तरी दुसरा मिटलेला. चारा टाकायला मधोमध छोटी खिडकी. आणि कडेला चारी बाजूंनी दगडात खाचा पाडून लोखंडी खुंट्या. सुताराला ते बघून हसू आलं, "हे काय कोंबड्या झाकायचं केलंय का?" तुम्ही त्याला खाली बसवून समजावून दिलंत. मीही ऐकत होतो, ऐकत नाही असं दाखवून. "मासा मधी उडत न्हाई, मिस्त्री. कडेकडेनं फिरतो आन कोपऱ्यात फट दिसली की तिथनं उडतो. म्हणून कड पक्की पाहिजे. मधी झाकण जरा लवचीक पाहिजे, म्हंजी नाक आपटलं तर फुटत न्हाई. आन पाणी हातभर खाली पाहिजे. भरल्या हौदात त्याला उडी सोपी जाती."

अप्पांना तेवढं पटेना. भरलेल्या घागरीला हात जोडणारं आमचं घर. आमच्याकडे सुपात धान्य, देवघरात समई, काही अर्धं ठेवायचं नाही. "दारातला हौद उणा ठेवायचा का?" त्यांनी विचारलं. तुम्ही त्यांना हौदाकडे नेलंत. मला वाटलं, आता अप्पा भडकतील. तुम्ही म्हणालात, "जरा थांबा अप्पा, आता येईल बघा." खालून एक मरळ सावकाश वर आली, तोंड पाण्याबाहेर काढलं, फुस्स केलं आणि खाली गेली. "हिला वरची हवा लागती. भोयानं सांगितलंय मला. बाकीचे मासे पाण्यातच भागवत्यात, हिचं तसं न्हाई. घडोघडी वर येऊन दम घेती. पाणी झाकणाला लागलं तर दम घ्यायचा कुठनं?"

अप्पा हौदाच्या कडेला बराच वेळ बसून राहिले. आणखी दोनदा मरळ वर आल्याचं त्यांनी पाहिलं. मग उठून तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू माज्या पोटी यायला पाहिजे व्हतास."

मी तीन हातांवर उभा होतो. अप्पांना मी दिसत होतो की नाही, हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं आहे की आता खरं काय ते सांगता येत नाही. तुम्हाला मात्र मी दिसलो. तुम्ही लगेच म्हणालात, "बसूचं लाकूड चांगलं व्हतं अप्पा, चौकट त्याच्याच फळीची केली असती तर अजून टिकली असती." तुमचं हेच मला कधी सोसलं नाही. माणसानं जिंकावं आणि बाजूला व्हावं. तुम्ही जिंकून वर हात द्यायचात.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात एकही मरळ गेली नाही. आषाढात उरलेल्या सातही गंगेत सोडल्या, अप्पांनी घाटावर साखर वाटली, आणि लोकांनी झाकण बघायला रांग लावली.

पुढच्या वैशाखात तुमच्या भावकीत लग्न निघालं. तुम्ही आणि अक्का चार दिवसांसाठी चुडाव्याला गेलात. निघताना मला हौदापाशी बोलावून सगळं सांगितलंत. खुंट्या रोज चाचपून बघ. वर ओलं पोतं टाक, ऊन फार आहे, पण खिडकीवर टाकू नकोस. पाणी हातभर खाली. मी मान हलवली. "तुला सांगायला नको म्हणा," तुम्ही म्हणालात, "तुजेच मासे हाईत."

दाजी, मी विसरलो होतो असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मी काहीही विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रहाटाला लागलो आणि हौद भरायला घेतला. माझ्या डोक्यात इतकंच होतं, की पाणी वर आलं की त्यांना उडी सोपी जाईल, एखादी तरी झाकण उचलून बाहेर पडेल, आणि मग बघू तुमची हुशारी. एक मेली असती तर मला पुरे होतं. मी घागरीमागून घागर ओतत होतो, कधी नव्हे ते. अप्पा जपाला बसले होते, ते उठून ओसरीत आले. "काय करायलाय रं बसू?" मी म्हणालो, "ऊन लय हाय अप्पा. गार पाणी घालतोय." अप्पा उभे राहून बघत राहिले. मग आत आवाज दिला, "गूळपाणी आणा गं कुनीतरी. आज बसू माशांचं करायलाय." आणि मला म्हणाले, "भर, भर. पार काठोकाठ भर. घरचं माणूस घरचं असतं."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो, ते तुम्हाला सांगायला नको. ते मला मिळालं ते नेमकं त्या कामाबद्दल. त्यानंतर माझा हात थांबणं शक्य नव्हतं. पाणी कामट्यांना लागलं. कडेवरून ओघळलं. मी खुंट्या चाचपल्या, पक्क्या होत्या. दोन पोती भिजवून वर टाकली. खिडकीवरही टाकली.

जेवणं झाली, अप्पा लवंडले, मी पुढे दुकानात बसलो. बाजारात सामसूम होती. मग मागून आवाज यायला लागला. टक. टक टक. आतून कामट्यांवर नाकं लागत होती. मला वाटलं, आता उचलेल, आता खुंटी निघेल. मी वाट बघत होतो. आवाज वाढला, सगळीकडून यायला लागला, आणि तेव्हा मला ती अप्पांसमोर वर आलेली मरळ आठवली. लख्ख आठवली, फुस्स सकट. उठून मागे जायला मला वीस पावलं लागली असती. एक पोतं ओढलं असतं तरी भागलं असतं. मी समोरचं ज्वारीचं माप उचललं, पुसलं, परत ठेवलं. पाणी तसंच राहू दिलं. मी हे असं लिहितो आहे, कारण दुसऱ्या कशा शब्दांत लिहायला गेलो की ते सौम्य होतं, आणि ते सौम्य नव्हतं. मी बसून ऐकलं. थांबेपर्यंत ऐकलं.

उन्हं कलल्यावर मागे गेलो. एकही खुंटी हलली नव्हती. एकही कामटी तुटली नव्हती. इतकं पक्कं झाकण तुम्ही केलं होतं. खाली सातही मरळी पोट वर करून झाकणाला चिकटल्या होत्या.

अप्पा रडले नाहीत. त्यांनी मळ्यात खड्डा खणवला, एकेकीला विभूती लावली आणि पुरलं, माणसाला देतात तशी माती दिली. मग येऊन ओट्यावर बसले. गाव जमायला लागलं. तीन दिवस लोक येऊन बसत होते, माणूस गेल्यासारखे. ज्यानं त्यानं एकच विचारलं, असं झालं कसं? मी पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा फार हळू दिलं. "झाकण लय घट्ट झालं व्हतं. दाजींनी केलेलं. आत कोंडले." दुसऱ्या दिवसापर्यंत ते लोकच एकमेकांना सांगायला लागले. मला बोलावंही लागलं नाही. 'काठोकाठ भर' असं अप्पांनी स्वतःच म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं की नाही, मला कधी कळलं नाही. आमच्यात मासा जाणणारं कुणी नव्हतं. भोई असते तर त्यांनी हौद बघून एका शब्दात सांगितलं असतं, पण भोयांना आमच्या ओट्यावर कोण बसवतो.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात. गाडीवरून थेट मागे हौदाकडे गेलात. पाणी अजून काठोकाठ होतं. मासे पुरायच्या घाईत ते खाली करायचं मला सुचलं नव्हतं. मी दारात उभा होतो. तुम्ही पाण्यात हात घातलात. हात काठाशीच होता, आणि मनगट बुडालं. तुम्ही काठाकडे पाहिलंत, झाकणाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. खाली बसून हौदाच्या तळाचा दट्ट्या ओढून काढलात. पाणी परसाकडे धावायला लागलं. अप्पा काठी टेकत मागे येईपर्यंत ते कमरेच्याही खाली गेलं होतं.

"अप्पा, चूक माझीच झाली," तुम्ही म्हणालात. "हवेला जागा कमी ठेवली."

ओट्यावरचं सगळं गाव मागच्या अंगणात आलं होतं. अप्पा तुमच्याशी एकेरीत बोलायचे, लेकासारखे. त्या दिवशी ते म्हणाले, "पाव्हणं, आता आपल्या गावाला जावा." बस, एवढंच. घरजावयाला पाहुणा म्हटलं की उंबऱ्याच्या आतलं सगळं संपतं. अक्कानं पदर तोंडात धरला. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही दोघं गेलात.

त्यानंतर अप्पांनी डोहातले मासे आणले नाहीत. मळा, दुकान, अप्पांच्या शेजारची जागा, सगळं मला मिळालं. आणि मी तुमचा हेवा करायचं थांबलो असेन असं तुम्हाला वाटत असेल तर ते खोटं. उलट वाढला. अप्पा शेवटच्या आजारात तुमचं नाव घ्यायचे नाहीत, पण दाराशी कुणाची चाहूल लागली की मान वळवायचे. मी आत आलो की मान परत फिरायची.

दोन वर्षांपूर्वी मी चुडाव्याला आलो होतो, तुम्हाला आठवतं. सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही स्टेशनाबाहेरच्या तुमच्या छोट्या दुकानात कंदील दुरुस्त करत होता. हमालांनी तुम्हाला 'मालक' म्हणून हाक मारली, आणि माझा निश्चय तिथेच पातळ झाला. जेवताना तुम्ही विचारलंत, "हौदात काय ठेवतोस आता?" मी म्हटलं, कडबा. तुम्ही मान हलवलीत. मग भाकरी मोडता मोडता म्हणालात, "ते फळ्याचं झाकण, बसू. मधी जाळी मारून घेतली असती तर ते बी चाललं असतं. जड व्हतं, तेवढंच." मी म्हणालो, नाही, तुमचंच बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, नाही नाही, लाकूड ते लाकूड. अर्धा तास आपण त्या झाकणांवर भांडलो. दोघांनी एकमेकांचं झाकण चांगलं म्हणायचं, आणि पाण्याचं नाव कुणी काढायचं नाही. अक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पुरे करा आता ते झाकण. त्याच्यापायी माजं माहेर गेलं." तुम्ही हसलात आणि ताक मागितलंत. तेव्हाही बोलता आलं असतं.

तुमच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी परत चुडाव्याला गेलो. अक्काला गंगाखेडला घेऊन यायचं होतं. तिला आता मागे-पुढे कुणी नाही, मीच आहे. ती अंगणात डाळ निवडत बसली होती. मी म्हणालो, चल घरी. ती म्हणाली, "त्यांच्या मनात एकच राहिलं बघ. अप्पांचे मासे त्यांच्या हातनं गेले." म्हणजे तुम्ही तिलाही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं एका चुलीवर जेवून, तिलाही नाही.

मी सांगितलं. आता वर लिहिलं आहे तेवढं सगळं, ज्वारीच्या मापासकट. ती सूप हलवत होती ते थांबलं.

सूप बाजूला ठेवून ती बोलली. "नागपंचमीला म्या रडायची. दिवाळीला रडायची. तुमच्यापायी माजं माहेर बंद झालं म्हणून म्या त्यांना तोंडावर बोलले, बसू. येकदा न्हाई, दर सणाला."

"दाजी काय म्हणायचे?"

"काय म्हणत्यात? म्हणायचे, व्हय गं, झाकण जरा घट्टच झालं व्हतं."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. "तिथं नगं," ती म्हणाली. "जितक्या मान्सांपुढं त्यांना पाव्हणं म्हणलं, तितक्यांपुढं बोल. मठात बोल. म्या येऊन बसते. मग बघू तुज्या घरी यायचं का न्हाई."

म्हणून हे लिहिलं. सोमवारी मठात स्वामींसमोर मी हे वाचणार आहे. त्या दिवशीचे बरेच लोक गेले, पण नऊ-दहा आहेत, त्यांना मी स्वतः दारोदार जाऊन बोलावून आलो. भोयांनाही बोलावलं आहे. ते आत बसतील. वाचताना माझा आवाज लागेल की नाही, हे सांगता येत नाही. वाचून झाल्यावर लोक तुमच्याबद्दल हळहळतील, तुमचं मोठेपण बोलतील, आणि तिथे उभं राहून मला पुन्हा तुमचा हेवा वाटेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. माझं मन इतकं चांगलं झालेलं नाही.

तुम्ही मला वाचवलंत असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, तुम्ही अप्पांना वाचवलंत. ज्याच्यासाठी मासे ठेवले त्यानंच ते मारले, हे त्यांना कळू नये म्हणून. मी त्यात नुसता आडोशाला उभा होतो. तरीही तुमच्यामुळे मला अप्पांच्या शेवटापर्यंत त्यांच्या शेजारी बसायला मिळालं, आणि त्याबद्दल, दाजी, मी तुमचा ऋणी आहे. हे म्हणायला मला तुमच्या मातीपर्यंत थांबावं लागलं.

सोमवारी वाचून झालं की मी अक्कासमोर पाण्याचा तांब्या नेऊन ठेवीन. ती घेईल की उठून जाईल, मला ठाऊक नाही. तुम्ही असता तर मध्ये पडून म्हणाला असता, घे गं, भाऊ हाय. तुम्ही नाही. तिचं तिला ठरवता येईल.